दोन सुतांचं अंतर

“हे दात? अहो, हे माझ्या डॉक्टरीणबाईंनी केलेत,” असं म्हणून आई पुन्हा एकदा तोंड भरून हसली, आणि समोर बसलेल्या दोघी पाहुण्या तिच्याकडे अशा काही कौतुकानं पाहू लागल्या, की चहाचे पेले घेऊन दारात उभ्या असलेल्या थोरलीच्या काळजात चर्र झालं...

त्यातली एक म्हणाली, पुढचा एक दात शेजारच्यावर जरासा कललाय ना, म्हणून तर खोटे वाटत नाहीत. आईनं मान डोलावली. डॉक्टरीणबाई, म्हणजे धाकटी, शेजारीच बसली होती. ती नुसती हसली. हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. थोरलीनं पेले ठेवले, तेव्हा तिच्या नखांच्या कडांत अडकलेलं पांढरं प्लास्टर एका पाहुणीला दिसलं असावं, कारण तिनं पेला उचलण्याआधी त्याची कड पदरानं पुसून घेतली.

ती कवळी थोरलीनं केली होती! एकेक दात मेणात बसवून, उकळून, घासून, आरशासारखी लख्ख करून! पण जगाचा हिशेब साधा होता. कवळी ज्याच्या हातून तोंडात जाते, त्याची. मागच्या खोलीत ती कोणाच्या हातून जन्मते, हे विचारतो कोण?

एके काळी ही मागची खोली बाबांची होती. बाबा कवळ्यांचे कारागीर. गावातले सगळे दातांचे डॉक्टर त्यांच्याकडे रुग्णांच्या जबड्यांचे साचे पाठवत. थोरली एकोणीस वर्षांची असताना तिला दंतवैद्यकीच्या कॉलेजात प्रवेश मिळाल्याचं पत्र आलं आणि त्याच महिन्यात बाबांचे हात थरथरू लागले. आधी थोडे, मग असे, की मेणातला दात बसवताना शेजारचे दोन निखळावेत. कोणी तिला काही म्हणालं नाही. म्हणायची वेळच तिनं येऊ दिली नाही. एका सकाळी ती बाबांच्या शेजारी दुसरं स्टूल ओढून बसली आणि म्हणाली, “मी बसते.” बस्स! ते पत्र सुट्या दातांच्या पत्र्याच्या डब्यात तळाशी गेलं. चार वर्षांनी त्याच कॉलेजात धाकटी गेली, तिची ट्रंकसुद्धा थोरलीनंच भरून दिली.

धाकटी परत आली, पुढच्या खोलीत दवाखाना थाटला गेला, बाबा गेले... आणि दोघी बहिणींच्या मधे एक पडदा तेवढा उरला. पडद्यापुढं पांढरा कोट, पडद्यामागं पांढरं प्लास्टर. अकरा वर्षं. या अकरा वर्षांत धाकटीनं दिलेली एकही कवळी परत आली नव्हती. लोक म्हणत, काय हात आहे बाईंचा! आणि थोरली पडद्याआड ओठ मिटून घासत राहायची.

कारण तिला एक गोष्ट ठाऊक होती, जी धाकटीलाही ठाऊक नव्हती.

दात नसलेला माणूस, त्याला चावा म्हटलं की हटकून खालचा जबडा पुढं सरकवतो. धाकटी मेणाचा पट्टा तोंडात ठेवून चावा म्हणायची, माणूस जबडा पुढं काढायचा, आणि तीच चुकीची नोंद मागच्या खोलीत यायची. जवळजवळ दर वेळी. थोरली साच्यांवरून बोट फिरवायची, पडद्याच्या फटीतून बाहेर पडणाऱ्या माणसाची हनुवटी बघून घ्यायची आणि खालचा साचा गुपचूप दोन सुतं, म्हणजे पाव इंचभर, मागं घ्यायची. मग कवळी अशी बसायची, की माणूस दुसऱ्या दिवशी पेढीवर बसून शेंगदाणे खायचा. मेणातल्या दातांची एक चाचणी घ्यायची असते, तीही धाकटीनं हळूहळू सोडून दिली होती. कधी काही चुकतच नव्हतं, तर घ्यायची कशाला?

यावर उपाय बाबांनी थोरलीला शिकवला होता. जुन्या डॉक्टरांच्या खुर्चीशेजारी उभं राहून ते स्वतः शिकले होते. चार शब्दांची गोष्ट. धाकटीला सांगितली असती, तर पुढची नोंद आपोआप बरोबर आली असती... पण थोरलीनं ती सांगितली नाही. का, हे ती स्वतःलाही विचारत नसे. लोक तिला सोशिक म्हणत, आणि तिलाही ते पटत असे. पण आतला एक कोपरा नेमकं जाणून होता, की जोवर धाकटी चुकते आहे, तोवरच धाकटीला आपली गरज आहे.

पाहुण्या गेल्यावर धाकटीनं एक बातमी सांगितली. कॉलेजातले मोठे सर, ज्यांच्या धाकानं आजही जुने विद्यार्थी सरळ उभे राहतात, ते प्रात्यक्षिक विभागासाठी प्रमुख शोधत होते. मुलं पुस्तकं घडाघडा म्हणतात आणि मेण हातात दिलं की बोटं भाजून घेतात, याचा त्यांना मनस्वी संताप होता. त्यांचे स्वतःचे दात नुकतेच संपले होते. ते धाकटीला म्हणाले होते, मुलाखत वगैरे राहू दे, माझीच कवळी कर आणि सगळ्या वर्गासमोर माझ्या तोंडात बसव. तीच तुझी परीक्षा.

“मी सरांना सांगितलं,” धाकटी आईच्या गळ्यात हात टाकून म्हणाली, “अकरा वर्षांत माझी एक कवळी परत आलेली नाही.”

माझी! थोरली पेले विसळत होती. तिच्या हातातला पेला निसटला, फुटला नाही, नुसता खणकन वाजला. आपली म्हटलं असतंस तर काय जीभ झडली असती, असं तिच्या अगदी ओठांवर आलं, पण तिनं पुढचा पेला घेतला.

चौथ्या दिवशी मोठ्या सरांचे साचे मागच्या खोलीत आले. थोरलीनं बोट फिरवलं. तीच चूक! पुरी दोन सुतं पुढं. तिचा हात सवयीनं साच्याकडे गेला... आणि थांबला. पडद्यापलीकडून धाकटीचं हसणं ऐकू येत होतं. कोणाला तरी ती सांगत होती, की सरांना पुन्हा पुन्हा यायला लावणार नाही, एकदम बसवूनच देईन. थोरलीनं हात मागं घेतला. डॉक्टरीणबाईंनी जसं पाठवलंय तसं! कारागिरानं आणखी काय करायचं असतं? त्या दोन दिवसांत तिनं आयुष्यातली सगळ्यात सुबक कवळी केली, हिरड्यांचा रंग असा आणला की जिवंत वाटाव्या, आणि ती सबंध चुकीची होती. काम संपल्यावर तिला हलकं वाटायला हवं होतं. तिला जेवण गेलं नाही.

धाकटीनं तिला बरोबर चलच म्हणून हट्ट धरला. थोरली शेवटच्या बाकावर जाऊन बसली. याच खोलीत, कदाचित याच बाकावर, ती बसणार होती... एकोणिसाव्या वर्षी! बाकाची कड कोणीतरी पेनानं कोरून ठेवली होती. ती त्यावरून अंगठा फिरवत राहिली.

मोठ्या सरांनी कवळी तोंडात घेतली आणि जबडा मिटला. वरचे दात पुढं, खालचे मागं, मधे बोट जाईल एवढी फट. ते काहीतरी बोलायला गेले, तर शब्दाऐवजी शीळ वाजली. पुढच्या बाकांवर खसखस पिकली. धाकटीनं कवळी काढून परत बसवली, पुन्हा तेच. तिनं शेवटच्या बाकाकडे पाहिलं. थोरलीला वाटलं होतं की या क्षणी आपल्याला बरं वाटेल. छे! लहानपणी धाकटी जिन्यावरून पडली होती, तेव्हा तोंडातून आवाजही न काढता तिनं असंच वर थोरलीकडे पाहिलं होतं...

सरांनी कवळी काढली, हातात तोलून पाहिली आणि विचारलं, “काम तर अप्रतिम आहे. मग ही चूक कोणाची? कारागिराची का?”

एक हो म्हटलं की धाकटी सुटत होती. सगळे डॉक्टर तेच म्हणतात, त्यात नवल काही नव्हतं.

“नाही सर,” धाकटी म्हणाली. तिचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत नीट पोचला. “जबड्याची नोंद मी घेतली होती. माझ्या कारागिरानं मी दिलं तसंच केलंय. चूक माझी आहे.”

सरांनी अर्ध्या तासाची सुट्टी जाहीर केली. मुलं बाहेर गेली. थोरली उठून पुढं आली. धाकटी कोपऱ्यातल्या बेसिनपाशी ती कवळी धूत उभी होती, पुन्हा पुन्हा, धुण्यासारखं त्यात काही नसताना.

“आज पहिल्यांदा कवळी मी नोंद पाठवली तशीच आली,” वळून न बघताच ती म्हणाली. “म्हणजे याआधी तशी येत नव्हती. हो ना, ताई?”

थोरलीला खोटं बोलता आलं असतं. तिच्या तोंडून मात्र निघालं, “मला दिसलं होतं, छोटी. साचे हातात घेतल्याबरोबर दिसलं होतं. मुद्दाम तसंच ठेवलं मी.”

नळ चालूच होता. धाकटीनं तो बंद केला.

“आजचं जाऊ दे. अकरा वर्षं मला सांगितलं का नाहीस?”

“तेवढंच माझ्याजवळ होतं गं...” आणि थोरलीचा बांध फुटला. पत्र डब्यात टाकताना रडली नव्हती, बाबा गेले तेव्हा सगळ्यांना सावरण्यात रडायचं राहून गेलं होतं, ते सगळं त्या बेसिनपाशी वाहू लागलं. “तुला कोट मिळाला, पाटी मिळाली, आई मिळाली. बाबांची ती एक गोष्ट फक्त माझी होती. ती दिली असती, तर मग माझी गरजच काय उरली असती?”

धाकटीनं कवळी बेसिनच्या कडेवर ठेवली.

“आणि मला काय वाटायचं, माहीत आहे?” ती म्हणाली. “सुट्टीला घरी यायचे, तर तू न् बाबा त्या दोन स्टुलांवर. एकमेकांशी बोलताय, हसताय. मी आत आले की बाबा म्हणायचे, तू अभ्यास कर जा. मला त्या खोलीत तिसरं स्टूल कधी मिळालंच नाही, ताई. त्या तुझ्या मोडक्या स्टुलावर मी आजवर जळत आले.”

ज्या स्टुलाला थोरली इतकी वर्षं आपली शिक्षा समजत आली होती, त्याचा कोणी हेवा करतं, हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. तिनं हात पुढं करून, लहानपणी करायची तसं, धाकटीचं नाक पदरानं पुसलं. पदराचं प्लास्टर नाकाला लागलं.

“चल,” ती म्हणाली. “सांगते.”

मोठे सर खुर्चीतच होते, बोळक्या तोंडानं, कोणावर तरी रागावल्यासारखे. मुलं परत आली. धाकटीनं मेणाचा नवा पट्टा मऊ केला, सरांच्या तोंडात ठेवला आणि मागं वळून बघितलं. थोरली खुर्चीशेजारी येऊन उभी राहिली. तोंडाला हात लावायचा तिला अधिकार नव्हता, तो तिनं लावलाही नाही. तिनं फक्त बाबांचे शब्द म्हटले, बाबांच्याच सुरात.

“जीभ उचलून मागं टाळूला टेकवा. टेकलेलीच राहू द्या. आता आवंढा गिळा... आणि अलगद मिटा.”

सरांचा जबडा सावकाश मागं सरकला आणि जागेवर बसला. दोन सुतं! वर्गातल्या मुलांनीसुद्धा ते डोळ्यांनी पाहिलं. कोणी हसलं नाही. एका मुलीनं वहीत घाईघाईनं काहीतरी लिहिलं, मग लिहिणं सोडून स्वतःची जीभ टाळूला लावून पाहिली.

आठवड्यानं नवी कवळी बसली आणि मोठे सर स्पष्ट शब्दांत रागावू लागले. जागा धाकटीलाच मिळाली, कारण नियमाला पदवी लागत होती. पण तिनं एक अट घातली, की आठवड्याचा पहिला तास ताईचा, आणि त्या तासाला ती स्वतः पहिल्या बाकावर बसणार. सरांनी कपाळाला आठ्या घालून मान्य केलं. घराच्या मागच्या खोलीत त्याच संध्याकाळी एक तिसरं स्टूल आलं. त्याचा एक पाय आखूड होता, पण बदलून आणायला धाकटी तयार होईना.

थोरलीचा मत्सर एका दिवसात गेला असं म्हणणं खोटं ठरेल. पुढच्या खोलीतून धाकटी बाबांचे शब्द म्हणताना पहिल्यांदा ऐकू आली आणि त्या माणसाची नोंद अगदी बिनचूक आली, तेव्हा सवयीनं साच्याकडे गेलेला तिचा हात रिकामा परत आला... आणि घटकाभर तिला फार एकटं वाटलं.

त्या रविवारी त्याच दोघी पाहुण्या पुन्हा आल्या. दातांचा विषय निघालाच. आईनं तोंड उघडायच्या आत धाकटी म्हणाली, “हे दात ताईनं केलेत. सगळेच तीच करते.” मग आईकडे वाकून बघत तिनं विचारलं, “पण ताई, हा एक वाकडा का बसवलास?”

“तिचा होताच तसा,” थोरली म्हणाली.

“मला कसा आठवत नाही?”

“तुला नाही आठवत,” आई म्हणाली. तिचं हसू हळूहळू मावळत गेलं होतं. “हिला आठवतो. पहिल्या दिवशी आरशात पाहिलं ना, तेव्हाच मला कळलं होतं, हे कोणाचे हात आहेत ते.”

थोरलीनं आईकडे पाहिलं. “मग सगळ्यांना हिचंच नाव का सांगत होतीस?”

आईनं थोरलीचा हात मांडीवर ओढून घेतला आणि नखांच्या कडेचं प्लास्टर आपल्या अंगठ्यानं खरवडू लागली.

“ही लांब राहून आली होती, पोरी,” ती म्हणाली. “हिला सारखं सांगावं लागायचं, की तू माझी आहेस. तू तर घरातच होतीस... तुला सांगायचं राहूनच गेलं.”

प्लास्टर निघत नव्हतं. आई ते खरवडत राहिली, आणि थोरलीनं हात मागं घेतला नाही.