बिनहाकेची ओ

बसा गप. ए शंभूराज, भिंतीकडं सरक. मागनं कुणी खांद्यावर हात ठेवला तर मला विचारू नको, मी इथंच आहे. ही गोष्ट ऐकीव न्हाई, आपल्या पारस मगदुमाच्या लेकीची आहे, ब्राह्मीची. गेल्या पौषातली अवसेची रात.

त्या दिवशी दुपारी ब्राह्मी स्कूटरवरनं कवठे महांकाळला गेली, जनावरांच्या डॉक्टराकडं. गाई भरवायचं बी ज्यात गार ठेवतात तो पातळ नायट्रोजन तिला डबाभर हवा होता. डॉक्टर बिरदेव म्हणाला, "मॅडम, आज कोणची गाय?"

"दगडाची," ती म्हणाली, आणि डबा पायाशी धरून दिवस मावळता सांगलीजवळच्या आपल्या कॉलेजात परतली.

तिच्या प्रयोगाच्या खोलीत पिंपाएवढा लोहचुंबक उभा होता. त्याच्या पोटात एक काळा खडा. आता ही भानगड समजून घ्या, मला चौथी नापासाला समजली म्हणजे तुम्हाला समजायला हरकत न्हाई. अणूच्या पोटात भोवरा असतो. लोहचुंबकात तो डोलायला लागतो. रेडिओच्या लहरीचे दोन टोले हाणले की जरा दमानं आतनं उत्तर येतं आणि पडद्यावर कुबड उठतं. तिचे गुरू मदन चौगुले सर त्याला 'ओ' म्हणायचे. हाक मारली, ओ आली.

सरांचं म्हणणं, हा खडा वरनं मेलेला दिसतो, टाचणीसुद्धा ओढत न्हाई. पण गार केला की आत चुंबकपण जागं होतं. अर्धे भोवरे वर तोंड करून, अर्धे खाली. आपली भावकी! म्हणून बाहेर बेरीज शून्य. तसं असेल तर दोन्ही गटांची ओ वेगळी, म्हणजे एका कुबडाची दोन व्हायला पाहिजेत. सगळे सरांना हसले. सर तसेच गेले. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लोहचुंबक बंद करायचा, असा हुकूम निघाला होता. आज ओ फाटली न्हाई तर सर कायमचे खोटे ठरणार होते.

सरांचा एक नियम होता. लोखंड दाराबाहेर. न्हाईतर लोहचुंबक हिसकावून घेतो. सर स्वतःचा सुपारीचा अडकित्ता बाहेर खिडकीच्या कठड्यावर ठेवूनच आत यायचे. ते गेले तेव्हा त्यांच्या बायकोनं, प्रभावतीबाईंनी, तो त्यांच्याबरोबर चितेवर ठेवला होता.

ब्राह्मीनं नायट्रोजन ओतला. खडा गार व्हायला लागला. टोले हाणायला तिनं हात उचलला...

पडद्यावर कुबड उठलं.

टोला पडलाच नव्हता.

तिनं टोल्याच्या यंत्राची वायर उपटली. पुन्हा उठलं. या वेळी दोन. सारखी. देखणी. सर सांगायचे तशीच.

बटण दाबून जपून ठेवायचं, की झालं काम.

सुपारीचा वास आला.

मागं... कट्.

आई सांगायची, रात्री पहिल्या हाकेला ओ देऊ नये. इथं तर हाकेआधीच ओ आली होती.

कट्...

मागं न वळता ती बोलली.

"सर! तुमची ओ मला नको. खड्याची पायजे. तुमी दिलेली मी दाखवली तर लोक हसलेले बरोबर ठरतील. आणि अडकित्ता घेऊन आत? नियम कुणाचा? आधी बाहेर ठेवून या!"

...

पडदा सपाट.

दार हललं. वारा नव्हता.

तिनं वायर जोडली. दोन टोले. काही न्हाई. आणखी नायट्रोजन ओतला. दोन टोले... एक कुबड. थांबली. दोन टोले. कुबड मधोमध फाटलं.

लगेच भुलली न्हाई पोरगी. खडा गरम केला, दोन्ही मिळून एक झालं. गार केला, पुन्हा दोन. पुन्हा गरम, पुन्हा गार. उजाडेपर्यंत. भुताला एवढी चिकाटी कुठली!

सकाळी विभागप्रमुख हुकूम घेऊन आले. तिनं रातभरच्या आकड्यांचा कागद पुढं केला. "बंद करायचा? करा. आधी हे खोटं म्हणून दाखवा." त्यांनी उभ्यानंच वाचला, दोनदा, आणि हुकूम खिशात घातला. जाता जाता दारात थांबले.

"मॅडम, कठड्यावर तुमचं काय राहिलंय?"

ब्राह्मी बाहेर आली. अडकित्ता. काळा पडलेला, जळका. तोंडात ताजी सुपारी.

मधोमध कातरलेली.