उलट्या पिळाचा दोर

"वर घे, चिझुरु, वर घे! घार आली!"

"दिसतेय मला! कानात ओरडू नकोस!"

चिझुरुने दोन्ही अंगठे दाबले. ड्रोन गिरकी घेऊन समुद्राकडे पळाला आणि घार त्याच्या मागे! सकाळपासूनची ही चौथी घार. आदल्या दिवशी फोटो काढून झाले होते, पण शाळेच्या दिनदर्शिकेसाठी बाईंना भरतीच्या वेळचाही फोटो हवा होता. आणि भरती आली की वारा, वारा थांबला की घार, घार गेली की बॅटरी संपलेली! सहावीतली चिझुरु पार वैतागून गेली होती.

"जरा खाऊन घेऊया का?" तोमोयाने विचारलं. तोमोया तिच्याच वर्गातला, आणि त्याच्या हातात भाताचा गोळा नाही असा दिवस गावाने पाहिला नव्हता.

तेवढ्यात तिचा आठ वर्षांचा भाऊ कान्ता म्हणाला, "ताई, दोर कुठाय?"

नवरा-नवरी खडक समुद्रात उघडेबोडके उभे होते. दोघांना बांधणारा देवाचा जाड पेंढ्याचा दोर तुटून लाटांत लोंबत होता.

दुपारपर्यंत गावभर बातमी झाली. उत्सव समितीचे प्रमुख हामाओका, म्हणजे सगळ्या पोरांचे हामाओकाकाका, धक्क्यावर आले ते ओरडतच.

"ड्रोन आदळला! दुसरं काय होणार!"

"नाही आदळला, काका! चांगला वीस मीटर लांब होता!"

"मग दोर तुटला कसा? ड्रोन नसेल, तर गिंझोआजोबांच्या हातांत आता पूर्वीचं बळ राहिलं नाही असं म्हणावं लागेल."

आणि गिंझोआजोबा, चिझुरुचे आजोबा, तिथेच उभे होते! दरवर्षी मे महिन्यात खडकांवर नवा दोर चढे आणि तो तेच वळत. ते तडक घरी गेले, उरलेला पेंढा बांधला, पेंढा झोडायची मोगरी माळ्यावर टाकली आणि म्हणाले, "झालं. आता दुकानातून आणा म्हणावं."

चिझुरुच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काकांनी ड्रोन समितीच्या कपाटात बंद केला त्याचं तिला काही नव्हतं. पण आजोबा आता पेंढ्याला हातच लावणार नाहीत? कुणाच्या बोलण्यावरून, तर हामाओकाकाकांच्या?

संध्याकाळी तिघं ओसरीवर बसली होती. फोनवर ड्रोनने पाठवलेले आदल्या दिवशीचे फोटो होते, छोटे आणि पुसट. कान्ता बर्फाचा गोळा चोखत वाकून बघत होता.

"ताई, हा आपल्या दोरासारखा नाहीये."

"म्हणजे?"

"आपल्या देव्हाऱ्यावरचा दोर असा जातो." त्याने हवेत बोट फिरवलं. "हा उलटीकडे जातो."

चिझुरु ताडकन उठली. देव्हाऱ्यावरचा छोटा दोर काढून तिने फोनशेजारी धरला. खरंच की! रोजच्या कामाचा दोर उजवीकडे पिळतात, देवाचा डावीकडे. हात चुकला की आजोबा बोटांवर चापट मारायचे, "उलटा पीळ! सुलटा होडीला, उलटा देवाला!"

"म्हणजे हा आजोबांचा नव्हताच!" तोमोया हातातला भाताचा गोळा खायचा विसरला. "मे महिन्यात तो लावला कुणी?"

"हामाओकाकाका आणि त्यांची तीन माणसं. होडीतून. आजोबांचा गुडघा दुखत होता, ते धक्क्यावरूनच बघत होते. तिथून त्यांना पीळ कुठला दिसणार!"

आजोबांना फोनवरचं बारीक काही दिसेना, म्हणून तिघं धावत हामाओकाकाकांकडे गेली. त्यांनी फोनकडे नीट पाहिलंही नाही.

"पुसट आहे. विचार करतो."

मोठी माणसं 'विचार करतो' म्हणाली की समजायचं, संपलं! पुजारीबुवा म्हणाले, समितीला विचारा. मच्छीमार संघातल्या बाई म्हणाल्या, समितीला विचारा. आणि समिती म्हणजे कोण? हामाओकाकाकाच!

"चोरालाच विचारायचं, बाबा रे, चोरी झाली का?" तोमोया चिडून म्हणाला.

"मोठा फोटो हवा," चिझुरु म्हणाली. "मोठा फोटो कार्डात, कार्ड ड्रोनमध्ये, ड्रोन कपाटात, आणि किल्ली काकांच्या कमरेला!"

ती थांबली. मग हळूच हसली.

दुसऱ्या दिवशी ती काकांसमोर कमरेत वाकून उभी राहिली. "काका, पितरांच्या बॉन सणाला बाहेरगावची सगळी मंडळी येतात. दोर तुटण्याआधीचा फोटो सभागृहात लावूया का? भिंतीएवढा! खाली तुमच्या समितीचं नाव."

"भिंतीएवढा?" काकांची छाती फुगली, पिळाची गोष्ट त्यांच्या डोक्यातूनच गेली. त्यांनी स्वतःच्या हाताने कपाट उघडलं, स्वतःच्या हाताने कार्ड काढलं आणि शहरातून फोटो छापून आणला!

सणाच्या सकाळी सभागृहाच्या दाराशी चपलांचा ढीग पडला. आजोबा यायला तयार नव्हते, कान्ताने त्यांना ओढून आणलं. काकांनी लांबलचक भाषण ठोकलं. लोक म्हणाले, "वा, पाणी काय निळं आलंय!" "अरे, ते बघ आपलं छप्पर!"

पाच मिनिटं गेली, दहा गेली. अहो, दोराकडे बघा ना! चिझुरु मनातल्या मनात किंचाळत होती. आपण ओरडलो तर पुन्हा 'विचार करतो' व्हायचं. कुणालाच कसं दिसत नाही?

मग उमेनोआजी पुढे झाल्या. जन्मभर समुद्रात बुड्या मारून शिंपले काढलेली बाई ती, चौऱ्याऐंशी वर्षांची! त्यांनी चष्मा लावला आणि नाक जवळजवळ फोटोला टेकवलं.

"हा कुणी वळला? सुलटा पीळ! देवाला होडीचा दोर बांधलात?"

गर्दीतून वाट काढत गिंझोआजोबा काठी टेकत पुढे आले. बराच वेळ बघत राहिले.

"हा माझा नाही."

समितीतल्या सगळ्यात तरुण शोजीला राहवलं नाही. "घसरला हो होडीतून, खडकांच्या पलीकडे! आम्ही बांधून ठेवला नव्हता... प्रवाहात वाहून गेला. ओहोटीची वेळ निघून चालली होती, मग पलीकडच्या गावच्या दुकानातला आणून लावला."

"आणि खापर आमच्या ड्रोनवर!" तोमोया ओरडला.

हामाओकाकाका गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी चटईला कपाळ टेकलं. "सांगायला तोंड नव्हतं, गिंझोआजोबा. पोरांनो, तुमचंही उगाच नाव घेतलं मी."

आजोबा पुन्हा फोटोकडे वळले. "एकेचाळीस दोर वळले मी. एकही अवेळी तुटला नाही. म्हणजे यंदाचाही तुटला नव्हता तर!" मग ते कडाडले, "पेंढा भिजत घाला! आणि समितीतल्या चौघांनी माझ्यासमोर बसायचं. उलटा पीळ जमेपर्यंत कलिंगड मिळायचं नाही!"

"शाबास, पोरांनो!" उमेनोआजींनी कान्ताच्या डोक्यावर हात ठेवला. "आम्हा म्हाताऱ्यांचे डोळे उघडलेत."

आठ दिवसांनी नवा दोर होडीत चढला, या खेपेला चार गाठी मारून! ड्रोनच्या परवानगीवर हामाओकाकाकांनी विचार न करता शिक्का मारला. तळहातावर फोड आले होते त्यांच्या.

"घार आली!" कान्ता ओरडला.

"येऊ दे!" म्हणत चिझुरुने ड्रोन खडकांवर नेला. धक्क्यावर बसलेले आजोबा तिच्या पडद्यात डोकावले.

"जवळ घे अजून. पीळ बघू दे."

तिने फोटो मोठा केला. आजोबांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश बोट फिरवलं.

"हं," ते म्हणाले. "हा माझाच."