मागची बेल

ही सांगोवांगीची गोष्ट नाही. ज्यांच्यासोबत घडली ते माझी थोरली मावशी आणि माझा मामा. दोघंही आज हयात आहेत. ऐकून कोणी हसलं तर मावशी वाद घालत नाही. उठून आत निघून जाते.

मध्यरात्र वगैरे काही नव्हती. थंडीतला रविवार होता आणि दुपार होती.

मावशी बसकंडक्टर. सगळी नोकरी एकाच मार्गावर काढलेली. शहरातून निघायचं, जंगलाला वळसा घालायचा आणि समुद्राच्या कडेकडेने शेवटचा थांबा गाठायचा. रिटायर झाल्यावर तिला घर खायला उठलं. मग तिने त्याच बसने हौशी लोकांना फिरायला न्यायला सुरुवात केली. जंगलाच्या थांब्यावर उतरायचं, झाडीतून किनाऱ्यावर यायचं, कड्याखालच्या खडकांवरून चालायचं आणि पलीकडचा चढ चढून वरच्या रस्त्यावर परतीची बस पकडायची. ओहोटी बघूनच निघायचं, कारण भरती आली की कड्याखाली पाय ठेवायला जागा उरत नाही.

तिचे जुने ड्रायव्हरकाका सोबत असायचे. मावशी सगळ्यात पुढे, काका सगळ्यात मागे. त्यांच्या हातात एक छोटी पितळी बेल. नियम बसचाच. प्रत्येक वळणावर मावशी थांबायची. मागून दोनदा बेल आली की सगळे आहेत, चला. एकदाच आली की थांबा, जागचं हलू नका.

"जन्मभर तू बेल मारलीस नि मी गाडी हाकली," काका म्हणायचे. "आता मी मारतो, तू हाक."

त्यांची बेल लांबूनही ओळखू यायची. पहिली मारून ते जरा थांबायचे, मग दुसरी.

टिंग... टिंग.

मागच्या वर्षी काका गेले. झोपेतच गेले. बेल त्यांच्या बायकोने मावशीला आणून दिली.

त्यानंतरची ही पहिलीच फेरी. मामाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, तरी गडी ऐकेना.

"मला घाई झेपत नाही, मी मागेच बरा," तो म्हणाला. "बेल आण इकडे."

मावशीने बसमध्येच बेल त्याच्या हातात दिली. "हरवलीस तर बघ."

"मी काय लहान आहे?"

मावशी, मग तीन-चार जण, त्यांच्यामागे गप्पिष्ट शिंपीणबाई आणि शेवटी मामा, अशी रांग जंगलात शिरली. पहिल्या वळणावर मावशी थांबली. मागून बेल आली. सगळे पुढे निघाले.

किनाऱ्यावर पोचले आणि समुद्रावरून धुकं आलं. बघता बघता पुढच्या माणसाची पाठही दिसेना. लाटांचा आवाज तेवढा येत होता. मावशीने चाल कमी केली. कड्याखाली ती दोनदा थांबली.

दोन्ही वेळा बेल आली.

टिंग... टिंग.

मावशीला जरा बरं वाटलं. मामाने काकांची ढब बरोब्बर उचलली होती. येता-जाता नक्कल करायची त्याला खोडच आहे. चढाच्या तोंडाशी ती शेवटची थांबली, बेल ऐकली आणि सगळ्यांना घेऊन वर रस्त्यावर आली.

शिंपीणबाई धापा टाकत आली. तिच्यामागे कोणी नव्हतं.

"भाऊ कुठे आहे?"

"मागेच आहेत की. बेल ऐकली ना तुम्ही?"

ऐकली होती. सगळ्यांनीच ऐकली होती. मावशी वाकून खाली बघत राहिली. पांढऱ्या धुक्याखेरीज काही नाही.

तेवढ्यात बस आली. सकाळचीच बस, सकाळचाच कंडक्टर. त्याने दारातून हात पुढे केला.

"मावशी, ही तुमचीच ना? सकाळी मागच्या सीटवर राहिली होती."

त्याच्या हातात ती पितळी बेल होती.



दिवसभर बेल बसमध्ये होती. मग...

आणि तेव्हाच खालून, धुक्यातून...

टिंग... टिंग.

शिंपीणबाईने तोंडावर हात ठेवला. कंडक्टरने हातातल्या बेलकडे पाहिलं.

सबंध नोकरीत मावशीने बेलचा नियम कधी मोडला नव्हता. दोन म्हणजे चला. त्या क्षणीही तिचे पाय आपोआप बसकडे वळले होते, हे ती स्वतः सांगते. त्याची तिला अजून लाज वाटते. मग तिने कंडक्टरला बस थांबवायला सांगितलं आणि ती एकटीच चढ उतरू लागली.

उतरताना बेल वाजतच होती. पण आता खालून नाही... वरून. रस्त्याच्या बाजूने. तिच्या पाठीमागून.

टिंग... टिंग.

चला. सगळे आहेत. परत चला.

"माझा भाऊ खाली आहे," मावशी मोठ्याने म्हणाली. कोणाला म्हणाली, ते तिलाही सांगता येत नाही.

भरती लागली होती. मघाचे खडक निम्मे पाण्याखाली गेले होते. ती भावाला हाका मारत, कड्याला हात लावून चाचपडत गेली. गुडघाभर पाण्यात गेली तेव्हा तो दिसला.

एका खडकावर मामा बसला होता. पाणी कमरेपर्यंत आलेलं. पाठ ताठ, हात मांडीवर. बसच्या थांब्यावर बसावं तसा.

"ऊठ!"

तो हलला नाही. तिच्याकडे बघून मात्र चिडला.

"उठू कसा? तूच तर बेल मारतेयस. एक. मघापासून एकच."

मावशीने त्याला काखेत धरून ओढलं. दोनदा तो पुन्हा खाली बसला. तिसऱ्यांदा तिने त्याच्या थोबाडीत मारली, तेव्हा कुठे उठला. वर आल्यावर त्याला थंडीने बोलता येईना. बोलला ते घरी, दुसऱ्या दिवशी.

बेल बसमध्ये राहिली हे त्याला पहिल्याच वळणावर कळलं होतं. पण पुढचे थांबून निघाले, म्हणून त्याला वाटलं, शिंपीणबाईंनीच आवाज दिला असेल. मावशी बोलणार म्हणून गप्प बसला. मग कड्याखाली पाय घसरला, गुडघा मुरगळला. त्याने हाक मारली. उत्तर म्हणून धुक्यातून एक बेल आली. एकच. बेल बसमध्ये आहे हे त्या क्षणी त्याला आठवलंच नाही. त्याला वाटलं, मावशी सांगतेय, थांब, मी येते. म्हणून तो बसला. पाणी आलं तेव्हा उठायला गेला... पुन्हा एक. जेवढ्या वेळा उठला, तेवढ्या वेळा एक.

त्याने दोन बेल एकदाही ऐकल्या नाहीत. वरच्यांनी एक कधीच ऐकली नाही.

"ती ढब काकांचीच होती ना?" मी मावशीला विचारलं.

"होती," ती म्हणाली. "पण तो माणूस असा नव्हता. त्याने कोणाला मागे सोडलं नसतं." एवढं बोलून ती रडली. तिला रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

फिरायला नेणं तिने बंद केलं. बेलचा लोलक काढून टाकला आणि बेल फडक्यात बांधून माळ्यावर ठेवली.

गोष्ट इथेच संपली असती तर मी सांगत बसले नसते.

मागच्या महिन्यात दोघं आमच्याकडे आले होते. संध्याकाळी निघायची वेळ झाली. मावशीने चपला घातल्या. मामा खुर्चीतून उठला... मध्येच थांबला... आणि परत बसला. पाठ ताठ, हात मांडीवर.

"काय झालं मामा? बस चुकेल."

"वाजली ना आत्ता," तो म्हणाला. "एक."

मला काहीच ऐकू आलं नव्हतं. मी हसून मावशीकडे पाहिलं. ती दाराच्या कडीवर हात ठेवून उभी होती आणि तिचा चेहरा उतरला होता.

"मला दोन आल्या," ती म्हणाली.

मग तिने चपला काढल्या, मामाच्या शेजारी येऊन बसली आणि त्याचा हात धरला. शेवटची बस गेली तरी तिने तो सोडला नव्हता.