दारात न मावणारा नकाशा

“भूतच! भूतच माती नेतंय!” धाकलू कुजबुजला.

“भुताला काय करायचीय ओली माती? चूल घालायचीय?” बाईजाने त्याला पुढे ढकललं.

दिवाळीच्या सुट्टीत ओढ्याकाठी रोज नवा खड्डा दिसत होता. इकडे तांबडी माती उकरलेली, तिकडे काळी. आज तर पायवाटेवर चिखलाचे ताजे ठिपके पडले होते! ठिपक्यांमागून दोघं निघाली, ती थेट लहानीच्या गोठ्यापाशी पोचली.

लहानी बाईजाच्याच वर्गातली. बोलण्यात तरबेज, पण पुस्तक उघडलं की अक्षरं तिच्यापुढून मुंग्यांसारखी पळायची. सुट्टीआधी गुरुजींनी बजावलं होतं, “आपल्या मुलखाचा नकाशा काढून सोमवारी आणायचा. लहानी, या खेपेलाही कागद कोरा आला, तर हजेरीतून नाव कमी!” मग बाप तिला गुरांमागे धाडणार, हे ठरलेलंच.

बाईजाने दार लोटलं आणि ती दारातच उभी राहिली.

गोठाभर मातीचे डोंगर उभे होते! मधोमध कमरेएवढा सिद्धगड. त्याचे कडे, त्याची माची, भाताच्या तुसाची शेतं, काड्यांचं रान!

“कुणाला सांगू नका रे,” लहानी चिखलाचे हात लपवत म्हणाली. “कागदावर नाय येत मला. हातात येतं.”

“पण एवढ्या वाटा तुला सांगितल्या कुणी?”

“पायांनी! आज्यासंगं रानात जाते ना मी.”

“मग हे गुरुजींना दाखवायचंच!” बाईजा उसळली.

“गोठा डोक्यावर घेऊन जाणार काय गो?” धाकलू म्हणाला.

सोमवारी गुरुजींनी विचारलं, “लहानी, नकाशा?”

बाईजा ताडकन उठली. “तयार आहे, गुरुजी! पण शाळेच्या दारातून आत येत नाही!”

वर्ग खो-खो हसला. गुरुजींनी छडी उचलली. “दारातून येत नाही? चला, बघतोच!”

बाईजाला हेच तर हवं होतं!

गोठ्यात शिरताच गुरुजी थबकले. मग घसा खाकरून म्हणाले, “खेळ छान आहे. पण नकाशात पाणी कळलं पाहिजे. आपला ओढा कुठून येतो, दाखव.”

लहानीने पाण्याचा तांब्या उचलला आणि गडाच्या माथ्यावरच्या धारेवर ओतला. पाणी क्षणभर थांबलं, दुभंगलं. एक फाटा पलीकडच्या कड्यावरून उडाला, दुसरा वळणं घेत घेत थेट त्यांच्या गावच्या मातीच्या घरांपाशी आला!

“दोन फाटे...” गुरुजी पुटपुटले. “मी इतकी वर्षं एकच शिकवत आलो. पुन्हा ओत, पोरी.”

तिने पुन्हा ओतलं. पाणी पुन्हा त्याच वाटेने गेलं.

“माझ्या पोरीच्या हातात डोंगर हाय!” दारातून धोंडूबाई, लहानीची आजी, डोळे पुसत म्हणाली.

“नाव कमी होणार नाही, आजी,” गुरुजी म्हणाले. “आणि आजपासून अभ्यास ज्याला जसा दाखवता येईल तसा! कुणी लिहा, कुणी सांगा, कुणी घडवा.”

“कुणी खाऊन दाखवला तर?” धाकलूने विचारलं.

“तर छडी! आणि बाईजा, तुझी जीभ भारी खट्याळ, पण आज कामाला आली हो!”

मग गुरुजी मातीत मांडी घालून बसले आणि आपलं बोट लहानीपुढे धरलं. “गडाची वाट मला कधी कळलीच नाही गं. शिकव.”

लहानीने ते बोट चिखलाच्या हातात घट्ट धरलं आणि गड चढायला लागली.