पान्याचे दोन ठोके

ही ऐकीव गोष्ट नाही.

ज्यांच्या बाबतीत घडली ते माझे सख्खे काका. ज्या घरात घडली तिथं मी गेल्याच महिन्यात बसून आलोय. वार आणि वेळा मी दोन-दोनदा विचारून घेतल्या आहेत. विश्वास ठेवाच असा आग्रह नाही, पण यातलं पदरचं काही नाही.

सुरुवात एका मंगळवारी झाली. सकाळचे सहा पन्नास. रात्र नव्हती, अंधार नव्हता. लख्ख उजाडलं होतं.

काका एका पार्सल कंपनीत सायकलींचं काम बघतात. सगळे त्यांना मिस्त्री म्हणतात, मीही इथं तेच म्हणतो. कंपनीच्या आवारात पत्र्याची शेड आहे. तिच्यात तेहतीस सायकली. रोज सकाळी मिस्त्री रांगेच्या एका टोकापासून सुरू करायचे. पुढचं चाक, मागचं चाक, ब्रेक, सीट, आणि सगळ्यात शेवटी हँडलचा बोल्ट. हँडल आणि पुढचं चाक एकमेकांना धरून राहतात ते या एका बोल्टामुळं. तो आवळला की त्याच्या डोक्यावर पान्यानं दोन ठोके.

टक. टक.

म्हणजे तपासून झाली. न्या.

अकरा वर्षं हे असंच चाललं होतं. ठोके ऐकल्याशिवाय कुणी सायकलला हात लावत नसे, आणि ऐकल्यावर कुणी काही विचारत नसे.

मिस्त्रींचा मेहुणाही तिथंच पार्सलं पोचवायचा. माझ्या काकूचा धाकटा भाऊ. त्याला सगळे एक्सप्रेस म्हणायचे, कारण तो जन्मात कधी वेळेवर आला नव्हता. सोमवारी संध्याकाळी त्याची पाठ दुखत होती. "भाऊजी, हँडल जरा इंचभर वर घ्या ना," म्हणाला. मिस्त्रींनी बोल्ट सैल केला, हँडल वर घेतलं, बोल्ट बोटांनी बसवला. घरी जायची वेळ झाली होती. पान्यानं आवळायचं त्यांनी सकाळवर ठेवलं.

सकाळी एक्सप्रेस नेहमीसारखा उशिरा आला. बाकी सगळे निघण्याच्या बेतात.

"भाऊजी, ठोका पटकन! आज साहेब माझी बिनपाण्यानं करणार!"

"रोजच करतात. अजून दाढी शिल्लक आहे होय?"

शेडमधले हसले. मिस्त्रीही हसले. आणि हसता हसता त्यांनी ठोकलं.

टक. टक.

एक्सप्रेस टांग मारून निघून गेला.

सात वीसला तो पुलाकडच्या उतारावर होता. उताराच्या तळाशी डावं वळण आहे. त्यानं हँडल वळवलं. हँडल वळलं.

चाक वळलं नाही.

पुलाचा कठडा दगडी आहे. यापेक्षा जास्त लिहायची गरज नाही.

निरोप आला तेव्हा मिस्त्री दुसऱ्या सायकलचं चाक काढत होते. त्यांनी पाना खाली ठेवला, आणि ठेवता ठेवता त्यांना कळलं. ठोकल्याचं हाताला आठवत होतं. आवळल्याचं आठवत नव्हतं.

चौकशी झाली. रस्ता खराब आहे, हादऱ्यांनी बोल्ट ढिला झाला असावा, असं कागदावर आलं. मिस्त्रींना विचारलं, तुम्ही सकाळी सायकल तपासली होती? शेडमधल्या सात जणांनी परस्पर उत्तर दिलं. तपासली होती की, आम्ही ठोके ऐकले ना!

घरी काकूनं एकदाच विचारलं. "अहो, तुम्ही बघितली होतीत ना त्याची सायकल?"

"हो," मिस्त्री म्हणाले.

त्यानंतर त्यांच्या आतलं काहीतरी बंदच पडलं. ते जेवायचे, कामावर जायचे, परत यायचे. रडले नाहीत. कामावर सायकली तपासायचे, पण ठोकायचं त्यांनी सोडलं. पार्सलवाले खोळंबून उभे राहायचे. "मिस्त्री, ठोकल्याशिवाय पाय उचलत नाही हो," असं कुणीतरी म्हणालं. मिस्त्री म्हणाले, "जा." तेवढंच.

सहा आठवडे गेले. रविवारची दुपार होती. काकू आणि लेक आतल्या खोलीत झोपल्या होत्या. मिस्त्री खुर्चीत बसून होते. पंखा बंद. नळ बंद. गल्लीतही चिटपाखरू नव्हतं.

आणि स्वयंपाकघरातून...

टक. टक.

पाना लोखंडावर वाजला की कसा वाजतो, हे मिस्त्रींना कुणी सांगायला नको. ते उठून गेले. आत कोणी नव्हतं. भांड्यांच्या फळीखाली लोखंडी कोन आहेत, भिंतीत बोल्टनं बसवलेले. त्यातला डावीकडचा बोल्ट त्यांनी नुसता चाचपून पाहिला.

चिमटीत फिरला.

खाली काकूची रोजची बसायची जागा.

काळजात धस्स व्हायला हवं होतं. झालं नाही. घाबरायलाही माणसात थोडी धग लागते. त्यांनी पिशवीतून पाना आणला, बोल्ट आवळला आणि परत खुर्चीत येऊन बसले.

पुढच्या गुरुवारी आवाज पलंगाकडून आला. पायाचा बोल्ट ढिला. मग फाटकाची बिजागरी. मग लेकीच्या टेबलाचा पाय. दर वेळी भर दिवसा. दर वेळी दोनच ठोके. आणि जिथून आवाज आला, तिथला बोल्ट ढिला सापडला नाही असं एकदाही झालं नाही.

काकूला काही ऐकू यायचं नाही. एकदा तर ती फाटकाला हात लावून उभी होती, शेजारणीशी बोलत.

"आता काय वाजलं?" मिस्त्रींनी विचारलं.

"कुठं काय? तुमचे कानच वाजतात," काकू म्हणाली, आणि राहिलेलं वाक्य पुरं करायला शेजारणीकडे वळली.

कुणाला सांगणार? ठोके कसले हे सांगायचं, तर ते कुठून आले हेही सांगावं लागलं असतं.

चौथ्या महिन्यात लेकीला चष्म्याच्या कारखान्यात नोकरी लागली. घरापासून चार किलोमीटर, पुलाच्या पलीकडे. एक्सप्रेसची सायकल तोवर चौकशीवाल्यांनी परत दिली होती. ती मागच्या भिंतीला टेकून होती, हँडल वेगळं आणि सायकल वेगळी.

काकू म्हणाली, "ही दुरुस्त करा. पोरगी वापरेल."

"नवीन घेऊ."

"नको. माझ्या भावाची एक तरी वस्तू चालती राहू दे."

यावर मिस्त्रींना एकच उत्तर देता आलं असतं. ते त्यांनी दिलं नाही.

सलग तीन संध्याकाळ ते ती सायकल घेऊन बसले. पुढचं चाक नवीन. बोल्ट नवीन, आटे तपासून घेतलेला. हँडलचा बोल्ट त्यांनी पान्यावर सगळा भार टाकून आवळला. चाक दोन गुडघ्यांत धरून हँडल पिळून पाहिलं. तसूभर हललं नाही. मग लेकीला बोलावून तिच्याकडून पिळून घेतलं.

"बाबा, पुरे! आता काय वितळवून एक करताय का?" ती म्हणाली.

ठोकलं मात्र नाही.

सोमवारी सकाळी सात वाजता मिस्त्री आत दाढी करत होते. एक गाल झाला होता. दुसऱ्यावर फेस. अंगणात लेक चपला घालत होती, त्या फरशीवर आपटल्याचा आवाज आला. मग क्षणभर काहीच नाही...

टक. टक.

ते तसेच फेसानिशी बाहेर आले. लेकीचा एक पाय पेडलवर होता.

"झालं ना आता? येऊ मी?"

"काय झालं?"

"अहो, ठोकलंत ना आत्ता. म्हटलं चला, सुटले एकदाची."

मिस्त्रींनी हँडलवर हात ठेवला. "मी आत होतो."

"काहीतरीच काय, बाबा! मी पाठमोरी होते, तुम्ही मागे उभे होतात. मला कळलं की." ती थांबली. त्यांच्या गालावरचा फेस तिनं तेव्हा पाहिला. "मग कोण होतं?"

हा आवाज त्यांच्याखेरीज दुसऱ्या कुणी ऐकल्याची ही पहिली वेळ.

मिस्त्रींनी तिला खाली उतरवलं. चाक गुडघ्यांत धरलं आणि हँडल वळवलं.

हँडल वळलं. चाक वळलं नाही.

बोल्ट चिमटीत फिरत होता.

काकू दारात आली. "आता आणखी काय? पहिल्याच दिवशी उशीर होईल तिला."

आणि मिस्त्रींनी सांगितलं. तिथंच, अंगणात, अर्ध्या गालावर फेस घेऊन. सोमवारची संध्याकाळ, इंचभर वर घेतलेलं हँडल, बोटांनी बसवलेला बोल्ट, हसणं, ठोके. आवाज चढला नाही की पडला नाही. एखादी यादी वाचावी तसं सांगितलं. फळी, पलंग, फाटक आणि टेबलसुद्धा सांगितलं.

काकू दारातून सायकलपाशी आली. मग तिनं विचारलं, "त्यानं विचारलं होतं तुम्हाला? झालं का म्हणून?"

"नाही."

"का नाही विचारलं?"

"ठोके ऐकले त्यानं."

काकूनं हात पुढे केला. "पाना द्या इकडे. कुठल्या बाजूला फिरवायचा?"

"उजवीकडे."

तिनं आयुष्यात पहिल्यांदा बोल्ट आवळला. बोटं पांढरी पडेपर्यंत. मग चाक स्वतःच्या गुडघ्यांत धरून हँडल पिळून पाहिलं. पाना नवऱ्याला परत दिला नाही. लेकीला म्हणाली, "जा. पोचलीस की फोन कर."

लेक गेली. सात पंचवीसला फोन आला. पोचले.

त्या दिवसापासून ठोके बंद झाले.

एक दिवस, दोन दिवस, आठ दिवस. मिस्त्रींना वाटलं, सांगून टाकलं, सुटलो. एका रात्री ते सलग सात तास झोपले.

दहाव्या दिवशी काकूनं फळीवरचं पातेलं उचललं आणि फळी डावीकडून कलली.

बोल्ट ढिला होता. आवाज आला नव्हता.

मग पलंग. मग फाटक. एकाचाही आवाज नाही. हात लागला म्हणून कळलं.

सायकल विकून टाकावी असं मिस्त्रींनी सुचवलं. काकू म्हणाली, "घरातलं सगळंच सुटतंय. काय काय विकाल?" आणि सायकलचा बोल्ट त्या सोमवारनंतर एकदाही ढिला झाला नव्हता. लेक रोज निघताना स्वतः पिळून बघायची. जे काय आहे ते घरात आहे, रस्त्यावर नाही, असं तिघांनी न बोलता ठरवून टाकलं.

मी गेलो तो गेल्या महिन्यातला शुक्रवार होता. संध्याकाळचे पाच. मिस्त्रींनी मला हे सगळं चहा निवेपर्यंत सांगितलं. मग उठले. घरात सत्तेचाळीस बोल्ट आहेत. ते एकेक तपासत निघाले, आणि त्यांच्या मागून काकू दुसरा पाना घेऊन तेच बोल्ट पुन्हा तपासत निघाली. नवऱ्यानं आवळलेल्यावर ती विसंबत नाही. 

मी उगाच म्हणालो, "काका, आवाज थांबला हे एक बरं झालं."

"बरं?" ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "वाजायचं तोवर कुठं बघायचं ते कळायचं."

पावणेसहाला लेक आली. सायकल भिंतीला टेकवली. "अय्या, कधी आलास? सुतकी चेहरा करून काय बसलायस?" असं मला म्हणाली आणि हात धुवायला आत गेली. चार किलोमीटर, पूल, उतार, वळण. रोजच्यासारखीच आली होती.

मिस्त्री अंगणात गेले. मी दारातून बघत होतो. त्यांनी नुसता हात ठेवला हँडलवर, जोरही लावला नाही.

हँडल वळलं.

चाक भिंतीकडे तोंड करून तसंच राहिलं.

  आत नळाखाली लेक हात धूत होती, कारखान्यातलं काहीतरी आईला सांगून हसत होती.

मिस्त्रींनी बोल्ट आवळला. मग काकू आली आणि तिनं तो पुन्हा आवळला. मी कान देऊन उभा होतो.

कसलाच आवाज आला नाही.