डॉक्टरांच्या गाडीतला पिवळा दिवा

चाकात हवा भरायला आलेल्या माणसावर कुणी चिडतं का? मी चिडले.

त्या दुपारी हवा भरणारा जेवायला गेला होता, म्हणून पाइप माझ्या हातात आला. खिडकीतून सहज आत नजर गेली, तर समोर इंजिनाचा पिवळा दिवा लागलेला.

"हा कधीपासून लागलाय?"

"कोणता? अच्छा, तो…" गाडीवाल्यानं दिव्याकडे असं पाहिलं, जणू जुना शेजारीच भेटला. "तो असतोच."

"असतोच म्हणजे?"

"म्हणजे… मी त्याला काही करत नाही, तोही मला काही करत नाही."

गॅरेज मामाचं, पण गाड्यांच्या वायरिंगचं सगळं काम माझं. माझ्यासमोर कुणी असं बोललं की माझं डोकंच फिरतं. मामा तर मला 'फ्यूज' म्हणतो, लवकर उडते म्हणून. मी गाडी तिथल्या तिथे आत घ्यायला लावली.

गाडीवाला जनावरांचा डॉक्टर निघाला. शर्टावर मांजराचे केस, मनगटावर ओरखडे, आणि पापण्या… असो. यंत्र लावून तपासलं. इंधनाच्या टाकीतली वाफ कुठून गळतेय का, हे बघणारा एक छोटा पंप गाडीत असतो. त्याच्या वायरिंगमध्ये दोष दाखवत होता. मीटर लावला, तर पंपापर्यंत वीज नीट पोचत होती. म्हणजे पंपच गेला असणार. पंप बदलला, दिवा घालवला, गाडी दिली.

आठवड्याच्या आत डॉक्टर हजर. दिवाही हजर.

"मला वाटतं…" डॉक्टर अडखळले, "पैलवान मागे बसला की लागतो."

"पैलवान कोण?"

"माझा कुत्रा. थोडा… मोठा आहे."

"डॉक्टर, कुत्रा बसल्यानं दिवा लागत नाही."

"बरं," ते म्हणाले आणि हसले. तेच मला सहन झालं नाही. भांडले असते तर परवडलं असतं!

मग मी जोडणीच्या पिना घासल्या, इंजिनाच्या कॉम्प्युटरपर्यंत जाणारी वायर तपासली. दिवा पुन्हा आला. डॉक्टरही आले, आणि या खेपेला माझ्यासाठी खिडकीजवळचं स्टूल ओढून देऊन स्वतः उभेच राहिले.

"तुला ही गाडी दुरुस्त करायचीये," मामानं आतून विचारलं, "की ठेवून घ्यायचीये?"

"मामा!"

"मी गाडीबद्दलच बोलतोय."

चिडून चिडून शेवटी मी पंपाची जोडणी काढली आणि वीज आणणाऱ्या वायरला एक बल्ब लटकवला. नुसता आकडा दाखवायला मीटरला तांब्याचा एखादा धागाही पुरतो. बल्ब पेटायला मात्र खरा प्रवाह लागतो. बल्ब लख्ख पेटला. आता काय करावं?

"आणा तुमच्या त्या पैलवानाला," मी दात-ओठ खात म्हणाले.

पैलवान आला. केवढं ते धूड! मागच्या सीटवर चढला, गाडी दबली… आणि बल्ब गेला. उतरला, बल्ब पेटला. मी कपाळाला हात लावला. सीट काढली, तर खालच्या पत्र्याला घासून वायर आतून तुटत आलेली. वजन पडलं की टोकं एकमेकांना सोडायची.

"म्हणजे कुत्रा बसल्यानंच—"

"एक शब्द बोलू नका."

"मी कुठे काय…"

"हसूही नका!"

वायर जोडली, सोल्डर केली, वर नळी चढवून पत्र्यापासून लांब बांधली. सीट बसवली, पैलवानाला चढवलं. बल्ब जराही मिणमिणला नाही. मी सुटकेचा निःश्वास टाकणार, तेवढ्यात डॉक्टरांचा फोन वाजला.

"हो साहेब… नक्की कळवतो… तेच ना, गाडी अजून झालेली नाही. वायरिंगचं काहीतरी… हो, फार अवघड केस आहे."

"झालीये!" मी फोनमध्ये ऐकू जाईल अशी ओरडले. "आत्ता झालीये!"

डॉक्टरांनी फोन छातीशी धरला. दुसऱ्या शहरातलं प्राण्यांचं मोठं हॉस्पिटल यांना नोकरीला बोलावत होतं, असं त्यांनी चाचरत सांगितलं. आणि हे महाशय गाडीचं निमित्त सांगून दिवस ढकलत होते!

"माझ्या कामावर खापर फोडत होतात?"

"खापर नाही हो… आधार घेत होतो."

"जायचं नसेल तर तसं सांगा की!"

"मला नाही म्हणता येत नाही. हो पण म्हणता येत नाही. जनावरांना काही सांगावं लागत नाही, म्हणून तर मी…"

"आधी त्यांना सांगा. आत्ता."

डॉक्टरांनी फोन कानाला लावला. "साहेब, मी येत नाही. नाही, गाडीमुळे नाही… मला इथंच राहायचंय." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कारण? कारण… समोरच उभं आहे, साहेब. आणि भयंकर चिडलंय."

माझे कान तापले. हातातला पाना कुठं ठेवावा तेच कळेना.

"हे मला सांगायचं की त्या साहेबांना?"

"तुम्ही ऐकलंत ना?"

"पुन्हा सांगा. नीट. न अडखळता."

"मला तुम्ही आवडता," डॉक्टर एका दमात म्हणाले. "तुम्हाला मी…?"

आता माझीच बोबडी वळली. इतकं बोलणारी मी, आणि—

"अगं, हो म्हण एकदाची!" मामा आतून ओरडला. "बाहेर गाड्या खोळंबल्यात!"

"हो!" मी मामावर खेकसले.

"हे मामांना झालं," डॉक्टर हळूच म्हणाले. "आणि मला?"

मी पाना खाली ठेवला आणि त्यांचा हात धरला. माझ्या बोटांचं ग्रीस त्यांच्या तळव्यावर उमटलं. त्यांनी हात काढून घेतला नाही.

"हो," मी म्हणाले. अजिबात न चिडता.