चार सेंटीमीटर मुरूम

शाळेच्या गच्चीवर आम्ही एक्केचाळीस माणसं होतो. शिवाय नऊ शेळ्या, दोन कुत्री, एक गॅसची शेगडी, पाण्याचे तीन हंडे आणि मातीचे नमुने काढायचं माझं गिरमिट. बाकी खारवडी गाव पूर्णेच्या पाण्याखाली होतं. पाण्याच्या वर आणखी एकच गोष्ट दिसत होती, ती म्हणजे शाळेमागच्या भरावावरचं हेलिपॅड. त्याच्या कडेला निळी पाटी होती: 'मुरूम भराव, जाडी पंचेचाळीस सेंटीमीटर. सरपंच उत्तमराव यांच्या प्रयत्नांतून.'

मी साधना. घर अमरावतीला, एमएस्सी अकोल्याला, विषय मृदाशास्त्र. खारपाणपट्ट्यातली काळी माती पाणी प्यायल्यावर किती मऊ होते हे मोजायला मी खारवडीत मनकर्णा आजींकडे भाड्यानं राहत होते. हेलिकॉप्टर येणार असा निरोप सकाळी आला, तेव्हा मी शाळेच्या उंचवट्यावरच्या गुडघाभर पाण्यातून त्या पॅडवर गेले आणि अकरा ठिकाणी गिरमिट मारलं. मुरूम कुठे तीन सेंटीमीटर, कुठे पाच. सरासरी चार. त्याखाली नुसता चिखल.

मी लगेच पूर नियंत्रण कक्षाला फोन केला. पलीकडे जो कुणी होता तो शांतपणे म्हणाला, ताई, कागदावर पंचेचाळीस आहे. मी म्हटलं, हेलिकॉप्टर कागदावर उतरणार आहे का? त्यानं फोन ठेवला.

माझे कान रागानं तापले होते. तेवढ्यात आभाळ थरथरायला लागलं. शेळ्या एकमेकींत घुसल्या, शेगडीचं झाकण उडालं, आणि ढगांच्या पोटातून वायुदलाचं ते मोठं, मातकट हिरवं यंत्र खाली आलं. दोराला लटकून एक जण पॅडवर उतरला. जमीन तपासून उतरायची खूण करणं हे त्याचं काम. मी गिरमिट घेऊन जिना उतरले आणि पाण्यातून पॅडकडे धावले. मागून आजी काहीतरी ओरडल्या, ते वाऱ्यानं नेलं.

"मॅडम, मागं व्हा," तो हातवारे करत म्हणाला. "हेलिकॉप्टर उतरून राहिलं."

त्या हेल्मेटच्या आतून वऱ्हाडी आली म्हणून मी क्षणभर थांबले. मग मीही वऱ्हाडीतच सुरू झाले. "उतरू नोका म्हणा. खाली जमीन नाही."

त्यानं पायाखाली पाहिलं. "मंग मी कायच्यावर उभा हाओ?"

"चार सेंटीमीटर मुरमावर. तुमचं वजन किती?"

"अडुसष्ट."

"आणि त्याचं?" मी वर बोट दाखवलं.

"अकरा-बारा टन..."

मी गिरमिट त्याच्या हातात दिलं. "दाबा."

त्यानं एका हातानं दाबलं. मुठीपर्यंत आत गेलं. वर ओढलं, तेव्हा टोकाला सालासकट वाटलेल्या उडदासारखा काळा, ओला गोळा चिकटून आला. तो त्या गोळ्याकडे बघत राहिला. मग माझ्याकडे – पहिल्यांदाच, नीट. त्याचे डोळे तपकिरी होते आणि पापण्यांवर पावसाचं पाणी होतं. ही नोंद घ्यायची खरं तर गरज नव्हती.

त्यानं दोन्ही हात डोक्यावर नेऊन फुली केली. हेलिकॉप्टर उतरलं नाही.

मग एकेकाला पट्ट्यात बांधून गच्चीवरून दोरानं वर घेतलं. दोन-तीन फेऱ्या झाल्या, दुपार गेली. मनकर्णा आजी हटून बसल्या. "दोरीनं ओढाले मी काय बादली हाओ?" असं त्यांनी विचारलं. तो त्यांच्यापुढे गुडघ्यावर बसला आणि म्हणाला, माय, बादली नाही, तू तर भरलेली घागर हायस, म्हणून हळू नेतो. आजी विरघळल्या. निघताना त्यांनी कनवटीची डबी काढून त्याच्या हेल्मेटला कुंकू लावलं. शेवटच्या फेरीत मी होते. माणसं सगळी वाचली. शेळ्यांना नेता आलं नाही; त्या वाचल्या नाहीत.

चार दिवसांनी अकोल्यात, आमच्या प्रयोगशाळेच्या पायऱ्यांवर तो बसलेला दिसला. साध्या शर्टात, मांडीवर माझं गिरमिट. ते त्याच्याबरोबर वर गेलं होतं. त्यानं ते घासून, तेल लावून आणलं होतं.

नाव अंकुर येऊल, हुद्दा सार्जंट, गाव अंजनगाव सुर्जी. वडिलांचा पानमळा. वेलीच्या मुळाशी पाणी थांबलं की वेल मरते, हे मी लहानपणापासून पाहतो, तरी त्या दिवशी पाटीवर विश्वास ठेवला, असं तो स्वतःहून म्हणाला. मला असं कबूल करणारी माणसं फार भेटत नाहीत.

"सुट्टी किती दिवस?" मी विचारलं.

"हाय थोडी..." तो चहाच्या ग्लासात बघत म्हणाला.

मग तो रोजच यायला लागला. मी चाळणीतून माती चाळायची, तो बाकावर बसून प्रश्न विचारायचा. ही माती वाळल्यावर भेगाळते काहून? हिच्यात मीठ येतं कुठून? एकदा मी विचारलं, एवढी माती शिकून करणार काय? तो म्हणाला, "मातीचं काय घेऊन बसल्या... मी तर शिकवणारीसाठी येऊन राहिलो." माझ्या हातून अर्धा किलो नमुना सांडला. तो त्यानंच भरला, दाणा न दाणा.

खरी गोष्ट मला मनकर्णा आजींकडून कळली; चौकशीवाल्यांनी त्यांना अंकुरचा जबाब वाचून दाखवला होता. उत्तमरावांनी तक्रार केली होती: सुसज्ज हेलिपॅड असताना एका सार्जंटच्या हट्टापायी माणसं तीन तास दोरानं ओढावी लागली, गावाचं जनावर गेलं. चौकशी लागली होती. अंकुरचं उड्डाण बंद होतं. सुट्टी कसली, डोंबलाची. जमीन का नाकारली, याचं सबळ कारण दिलं नाही तर पुन्हा दोराला हात लावता येणार नव्हता. आणि त्यानं जबाबात लिहून दिलं होतं की, मी बुटानं दाबून पाहिलं, मऊ वाटलं.

बुटानं. मऊ वाटलं.

तो आला तेव्हा मी चाळणी आपटली. "माझं नाव कुठे आहे?"

त्याला लगेच समजलं. तो हळू म्हणाला की उत्तमराव माझ्या कॉलेजच्या संचालक मंडळावर आहेत. ते डिग्री अडकवतील. म्हणून...

"मला विचारलं होतं?"

"नाही."

"अकरा वेळा गिरमिट मारलं मी तिथं, पाण्यातून जाऊन. ते माप माझं आहे. उत्तमरावांनी त्याचं पंचेचाळीस केलं आणि तुम्ही त्याचा बूट केला. फरक काय दोघांत?"

"साधना, मले तुझी काळजी..."

"काळजीनं माझं काम पुसायचं असेल तर नको मला काळजी. तुम्हीही नको."

तो उभा राहिला. चाळणी उचलून बाकावर ठेवली. गेला. मी दिवसभर चिडत होते, आणि संध्याकाळी लक्षात आलं की एकही नमुना तोलून झालेला नाही.

चौकशी विश्रामगृहात होती. मला बोलावणं नव्हतं. मी गिरमिट खांद्यावर टाकून गेले. वायुदलाचे दोन अधिकारी, समोर अंकुर, बाजूच्या खुर्चीत पांढऱ्या कपड्यांतले उत्तमराव. मी माझं नाव, विषय आणि अकरा मापं सांगितली. उत्तमराव हसले. म्हणाले, साहेब, ही पोट्टी आमच्याच कॉलेजची आहे, परीक्षेआधी डोकं तापलेलं असतं पोरींचं. मग माझ्याकडे वळून मायेनं म्हणाले, बेटा, वर्ष वाया जाईल.

गिरमिट मी साहेबांपुढे ठेवलं. मी म्हटलं, "जाऊ द्या. मुरूम मोजा."

तेव्हा अंकुर उठला. "साहेब, माझा जबाब खोटा हाय. बुटानं काही समजलं नव्हतं. मी उतरायचीच खूण देणार होतो. माप यांचं होतं. मी यांचं नाव लपवलं. त्याची काय शिक्षा असंल ते मले द्या."

खोटा जबाब म्हणजे सैन्यात किती मोठी गोष्ट, हे मला माहीत होतं. त्यालाही होतं. तो माझ्याकडे बघत नव्हता, कानाच्या पाळ्या मात्र लाल झाल्या होत्या.

त्याच दुपारी खारवडीत खड्डा खणला गेला. टेप मोठ्या अधिकाऱ्यांनी स्वतः धरला. पाणी ओसरलं होतं, पाटी तशीच होती. उत्तमराव गाडीतून उतरलेच नाहीत. अधिकाऱ्यांनी माझी अकराही मापं माझ्या नावासकट लिहून घेतली आणि अंकुरला खोट्या जबाबाबद्दल सक्त ताकीद दिली. उड्डाण मात्र परत मिळालं. माझी परीक्षा रोखून धरणारं एक पत्र कॉलेजात आलंय. मी त्याविरुद्ध लढतेय. माझा राग अजून गेलेला नाही आणि जावा असं मला वाटतही नाही.

नागपूरला हजर व्हायच्या आदल्या दिवशी अंकुरनं मला अंजनगावला बोलावलं. पानमळ्यात हिरवा अंधार होता, वेलींवरून पाणी ठिबकत होतं, आणि ओल्या पानांचा तिखट वास होता. तो बराच वेळ एका वेलीची गाठ सोडत आणि बांधत राहिला.

"यापुढं तुझं नाव कुठंच गाळणार नाही," तो म्हणाला. "जबाबात नाही... रेशनकार्डातही नाही."

"रेशनकार्डात कसं येईल माझं नाव?"

"तेच विचारून राहिलो."

मी पानांकडे बघितलं. मग त्याच्याकडे. "घाबरलास?"

"छे. पन्नास मीटरवर दोराला लटकतो मी, तिथं घाबरत नाही."

"हात दे."

त्यानं हात पुढे केला. मी मनगटावर दोन बोटं ठेवली, घड्याळाकडे पाहिलं, आणि मिनिटभर त्याचा हात सोडला नाही.

एकशे चोवीस.